गव्हाणीपासून पोत्यापर्यंत

लोणीजवळ प्रवरानगरला १९५०-५१ साली सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी एकत्र आणले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, हा इतिहास नगर जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. त्याच कारखान्याकडे रसायनशास्त्राच्या अंगाने मात्र फारसं कुणी पाहत नाही. वर्गात मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण शिकवताना वाळू आणि मिठाचंच उदाहरण येतं. खिडकीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसतं, त्या शाळेत तरी हा धडा उसापासून सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

कारखान्याच्या गव्हाणीत पडलेला ऊस म्हणजे मिश्रण. पाणी, चोथा, साखर, थोडे क्षार, मेण, रंगद्रव्यं, शिवाय मुळाशी चिकटलेली माती. प्रमाण ठरलेलं नाही. जात, जमीन आणि तोडीची वेळ बदलली की तेही बदलतं. म्हणून तर उताऱ्याची एवढी चर्चा होते. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते.

साखरेचं तसं नाही. तिच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. राहात्याचा ऊस असो की युरोपातलं बीट, एक किलो शुद्ध साखरेत कार्बन ४२१ ग्रॅमच भरतो. संयुग ते हेच. पळीत चिमूटभर साखर घेऊन आच वाढवत नेली, तर ती आधी वितळते, तांबूस होते, वाफ सोडते आणि शेवटी काळा कोळसा उरतो. पांढऱ्या दाण्यात दडलेलं मूलद्रव्य असं डोळ्यांना दिसतं.

कारखान्यात रस स्वच्छ करायला चुन्याचं दूध आणि गंधकाचा धूर वापरतात. गंधक हे मूलद्रव्य. ते जळलं की ऑक्सिजनशी जोडलं जाऊन सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो. रसात चुन्याशी त्याची गाठ पडली की कॅल्शियम सल्फाइट बनतं आणि गाळ घेऊन तळाशी बसतं. फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८९ साली ३३ मूलद्रव्यांची यादी छापली, तिच्यात गंधक होतं आणि चुनाही होता. चुना फोडता येईल असं साधनच तेव्हा नव्हतं. १८०८ साली हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम वेगळा काढला आणि चुना संयुगांत जाऊन बसला.

निवळलेला रस आटवताना हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे तो कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही. रस आटवायच्या पॅनवरचा माणूस काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घेऊन उजेडात धरतो आणि दाणा कितपत धरला ते पाहतो. पुढे सेंट्रिफ्यूगल यंत्रात दाणे जाळीवर राहतात आणि उरलेला पाक, म्हणजे मळी, बाहेर फेकली जाते. गुऱ्हाळात हीच मळी गुळात राहते, म्हणून गूळ मिश्रण आहे. मिश्रण म्हणजे हलकं, असा अर्थ त्यातून काढू नये. गुळाची चव आणि रंग त्या सरमिसळीतूनच येतात.

इथवर बहुतेक काम वेगळं करण्याचं. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर मात्र गोष्ट निराळी. साखरेच्या रेणूला पाणी फोडतं आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. संयुगच बदललं, मग कितीही आटवलं तरी ती साखर परत येत नाही. म्हणूनच तोड झाली की ऊस गव्हाणीत पोचवायची घाई असते.

सगळ्यात चकवा देणारं मिश्रण मळीपासून निघतं. मळी आंबवून अल्कोहोल करतात आणि ते ऊर्ध्वपातनाने वेगळं काढतात. वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. तिथून पुढे अल्कोहोल आणि पाणी त्याच प्रमाणात एकत्र उकळतात, वाफेतही तेच प्रमाण राहतं. ठरलेलं प्रमाण, ठरलेला उत्कलनबिंदू, सगळी लक्षणं संयुगाची. पण रेणू दोन वेगवेगळेच. पेट्रोलमध्ये मिसळायला हे पाणी चालत नाही. तेव्हा ती वाफ झिओलाइटच्या खड्यांमधून सोडतात. त्यांची छिद्रं तीन अँगस्ट्रॉमची असतात, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटी भागांपैकी फक्त तीन. पाण्याचा रेणू त्यात शिरून अडकतो, अल्कोहोलचा मोठा रेणू बाहेरूनच पुढे जातो.