कंठातून उमटलेला वाद्यवृंद

तबकडी फिरू लागली की ट्रम्पेट, ट्यूबा आणि ट्रॉम्बोन स्पष्ट ऐकू येत. तबकडीवर मात्र सूचना छापलेली असे, की एका गिटारीखेरीज यात कोणतेही वाद्य नाही. १९३०च्या दशकात अमेरिकी श्रोत्यांना चकित करणारी ही किमया होती ‘मिल्स ब्रदर्स’ या चार कृष्णवर्णीय भावांची.

जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड हे ओहायो राज्यातील पिक्वा या लहानशा गावचे. वडिलांचे केशकर्तनालय होते. गाण्याचा वारसाही त्यांचाच. एका स्पर्धेत हॅरीजवळ त्याचे ‘कझू’ हे वाद्य नव्हते. त्याने तोंडाशी ओंजळ धरून ट्रम्पेटचा आवाज काढला आणि तीच या भावांची ओळख ठरली, अशी आख्यायिका आहे. सिनसिनाटीच्या रेडिओवरून ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९३१च्या ‘टायगर रॅग’ने घरोघरी गेले. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या समाजात अनेक दारे त्यांना बंद होती. त्यांच्या सुरांना मात्र रेडिओने गोऱ्यांच्या दिवाणखान्यातही वाट करून दिली.

आपल्या रागसंगीतात एकाच स्वरावलीचा विस्तार होतो. हार्मनीत चौघे एकाच वेळी निरनिराळे स्वर लावतात, तरीही कानाला तो एकच नाद वाटावा लागतो. सख्ख्या भावांच्या आवाजांचा पोत मुळातच जुळणारा असल्याने हा मेळ सहज साधला. त्याचा पाया होता थोरल्या जॉनचा खर्ज.

१९३६ मध्ये तो पायाच निखळला. ऐन पंचविशीत जॉनचे निधन झाले. त्याच्या जागी उभे राहिले खुद्द वडील! मुलाचा खर्ज सांभाळत ते पुढे सुमारे २० वर्षे उरलेल्या मुलांसोबत गायले. याच काळात वाद्यांच्या नकलेची करामत हळूहळू मागे पडली आणि मृदू, संथ स्वरमेळ पुढे आला. ऐन महायुद्धात, १९४३ मध्ये, त्यांचे ‘पेपर डॉल’ ‘बिलबोर्ड’च्या यादीत १२ आठवडे अग्रस्थानी राहिले.

रॉक संगीताच्या लाटेतही १९६८ मध्ये त्यांचे ‘कॅब ड्रायव्हर’ गाजले. १९९८ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव लाभला. पुढच्याच वर्षी चौघांतील अखेरचे, डोनाल्ड, निवर्तले. नकलेचे नवल कधीच ओसरले होते. श्रोत्यांना अखेरपर्यंत बांधून ठेवले ते एकमेकांच्या स्वराला जागा देत गाण्याच्या त्या घरगुती शहाणपणाने.