जंगल डोक्यावर असतं

पहिल्या दिवशी संध्याकाळी दुखली ती मान. पाय ठणठणीत होते.

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात, लहाद दातूपासून गाडीने दोन-अडीच तासांवर दानुम खोरं आहे. लाकूडतोडीतून वाचलेलं ४३८ चौरस किलोमीटरचं रान. पाठीवर सॅक टाकून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात सिनेमातलं जंगल होतं: कोयत्याने वेली छाटायच्या, घामाघूम व्हायचं आणि पुढे सरकायचं. घाम आला, पण छाटायला फारसं काही नव्हतंच. झाडांच्या पायथ्याशी हिंडायला ऐसपैस जागा. वर पोचलेल्या उन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्के ऊन जमिनीवर उतरतं, मग खाली दाटी होणार कशी? गचपण असतं नदीकाठी, नाहीतर एखादं म्हातारं झाड कोसळून छताला भोक पडतं तिथे. एरवी आपण विहिरीच्या तळाशी चालत असतो. माकडं, धनेश, फुलं, फळं, सगळा संसार वर चाललेला. आपल्याला फक्त आवाज आणि वरून पडेल ते.

खाली आपली वाट बघत असतात त्या जळवा. पावसाळ्यात सह्याद्री हिंडलेल्या माणसाला त्यांचं काय कौतुक, असं वाटलं होतं. पण इथे त्यांच्यात दोन घराणी आहेत. तपकिरी जळू पाचोळ्यातून येते आणि गुपचूप चावते. पट्टेरी ‘वाघ जळू’ कमरेच्या उंचीला पानावर बसून राहते, आणि ती चावली की चांगलं कळतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, पावलांची थरथर यांवरून त्यांना सुगावा लागतो. लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून ती सुटून गेली तरी मोजा भिजतच राहतो. वाटाड्या तिला ‘पाचात’ म्हणायचा, आणि टिचकीने उडवायचा.

मान दुखली ती मेरांतीच्या झाडांमुळे. याच खोऱ्यात पिवळ्या मेरांतीचं एक झाड आहे, १००.८ मीटर उंच. विमानातून लेसर सोडून केलेल्या पाहणीत ते लक्षात आलं आणि जानेवारी २०१९मध्ये उंदिंग जामी हा तिथलाच गिर्यारोहकासारखा झाडं चढणारा गडी टेप घेऊन शेंड्यापर्यंत गेला. त्याचं नाव ठेवलंय मेनारा, म्हणजे मिनारच. मुंबईचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटरचा. त्याच्या माथ्यावर आणखी एक पाच मजली इमारत ठेवा. मुळांखेरीज वजन अंदाजे ८१,५०० किलो. मी मेनारा पाहिला नाही. त्याचे बुटके भाऊबंद पाहिले, तेवढ्यानेच टोपी मागे पडली.

अशाच एका बुंध्यावर पिवळसर डिंकाचा गोळा होता. वाटाड्या म्हणाला, दामार. हे आपल्या ओळखीचं निघालं! मेरांती म्हणजे शोरिया, आणि मध्य भारतातला साल वृक्षही शोरियाच. सालाचा डिंक म्हणजे राळ. आपण एकमेकांवर टीकेची उडवतो ती.

नातं याहून जुनं आहे. सुरतेजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर मिळतो, आत कीटक अडकलेला. तो याच कुळातल्या झाडांची राळ असल्याचं तपासणीत दिसलं. त्या काळी भारताचा भूखंड समुद्र ओलांडून आशियाला नुकता भिडत होता. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की हे कुळ भारताच्या तराफ्यावर बसून आशियात उतरलं आणि मग पूर्वेकडे पसरत बोर्निओला पोचलं. परक्या मुलखातलं म्हणून ज्या झाडांकडे मी आ वासून बघत होतो, त्यांचे पूर्वज आमच्याच बाजूने आले असावेत.

कसे आले असतील, हा प्रश्न वाटेत पडलेल्या एका वाळक्या फळाने आणखी अवघड केला. तीन लांब पंख, दोन आखूड. (कुळाच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘दोन पंखांचं फळ’; झाडांनी तो फारसा मनावर घेतलेला नाही.) ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षं गप्प बसतात आणि मग, बहुधा एल निनोच्या कोरड्या दिवसांनंतर, कितीतरी जाती एकदम फुलतात. रानडुकरं, खारी, किडे खाऊन खाऊन थकतात, तरी बिया उरतात. बी साठून राहत नाही. पडलं की रुजतं, आणि रोपटं त्या अंधारात वरचं छत फाटण्याची वर्षानुवर्षं वाट बघतं. पंख असूनही बहुतेक बिया आईच्या आसपासच पडतात.

मी ते फळ हाताला पोचेल तितकं उंच फेकलं. भिरभिरत आलं, आणि तीन पावलांवर पाचोळ्यात टेकलं.