विहिरीत विष कालवल्याचा आरोप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदेड-लातूरकडच्या माणसाला ज्यू शेजारी लाभण्याची शक्यता फार थोडी. हिटलर मात्र आपल्याला ठाऊक असतो. कडक मास्तरांना मुले ‘हिटलर’ म्हणतात, त्याच्या आत्मचरित्राचे मराठी अनुवादही दुकानांत सहज मिळतात. त्याच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. ही दूरदेशीची गोष्ट म्हणून आपण सोडून देतो. एका ख्रिस्ती माणसाला मात्र ती तशी सोडता येत नाही. कारण हिटलरच्या कितीतरी शतके आधी या द्वेषाला खतपाणी घातले ते ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीच.

खरे तर येशू ज्यू होता. त्याची आई ज्यू, बारा शिष्य ज्यू. त्याला क्रुसावर देण्याचा हुकूम रोमी सुभेदार पिलाताचा होता आणि ती शिक्षाही रोमी होती. तरीही त्या मृत्यूचा दोष एका अख्ख्या जमातीच्या माथी, पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला.

एकदा माणसांवर शिक्का बसला की कोणताही आरोप चिकटतो. १३४८ साली युरोपात प्लेगने कहर केला, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली. ज्यूसुद्धा प्लेगने मरत आहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी दाखवून दिले. पण ऐकतो कोण? १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. मराठवाड्याला पाण्याचे मोल सांगायला नको. कोणाच्या स्पर्शाने पाणी बाटते हे ठरवून माणसांना विहिरीपासून दूर ठेवणारा गावगाडा आपणही पाहिला आहे. म्हणून हा आरोप कसा जन्मतो, हे आपल्याला चटकन उमगावे.

ज्या मार्टिन ल्यूथरचा आम्ही प्रॉटेस्टंट अभिमान बाळगतो, त्यानेच १५४३ साली ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळा, असे लिहिले. पुढे नाझींनी ते लिखाण आवडीने वापरले.

हा द्वेष आपल्या किनाऱ्यालाही लागला होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. त्याचे आईवडील सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले ज्यू. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याबद्दल त्याची बहीण कातारिना हिला धर्मन्यायालयाने जाळले. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली. १५६० मध्ये सुरू झालेले हे न्यायालय कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये. त्याचा जाच असंख्य हिंदू कुटुंबांनीही सोसला.

त्याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेला, चित्र निराळे होते. अलिबाग-पेणच्या गावांत बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे, आणि बोली मराठी. गावाने त्यांचा शनिवार ओळखला आणि त्यांना त्यांच्या वाटेने जगू दिले. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलींनी विद्या घेतली, धर्म मात्र आपलाच राखला.

चर्चने पुढे आपली चूक मान्य केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व ज्यूंवर, त्या काळच्या वा आजच्या, लादता येणार नाही. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चने १९९४ मध्ये ल्यूथरचे ते लिखाण जाहीरपणे नाकारले.

द्वेष मात्र संपला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये अतिरेक्यांनी सहा ज्यूंना ठार केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या प्रार्थनास्थळात अकरा जण मारले गेले. ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि नंतरचे गाझातील युद्ध यानंतर देशोदेशी ज्यूंविषयीची कटुता वाढली. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका करण्याचा, गाझातल्या मुलांसाठी हळहळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; तो ज्यूद्वेष नव्हे. पण त्या सरकारचा जाब अलिबागच्या शनवार तेल्याला विचारणे, हा ज्यूद्वेषच.

संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात जैतुनाच्या झाडाचा दाखला आहे. इतर राष्ट्रांतून आलेले ख्रिस्ती म्हणजे रानजैतुनाची कलम केलेली फांदी; मूळ इस्राएलचे. कलमाचे झाड ज्याने लावले आहे, त्याला अर्थ कळेल: मुळावर घाव घातला तर फांदीही वाळते. म्हणून गुड फ्रायडेच्या उपदेशात ‘यहुद्यांनी येशूला मारले’ हे वाक्य जिभेवर आले, की उपदेशकाने थांबावे आणि पिलाताचे नाव घ्यावे. समोर बसलेली मुले तेच वाक्य घेऊन घरी जाणार असतात.