कोवळी पाने लाल का असतात?

फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीच्या उतारांवर कुसुंबाचे झाड दुरून पाहिले, तर ते लाल फुलांनी बहरले आहे असे वाटते. जवळ गेल्यावर कळते की ती फुले नाहीत, नवी पालवी आहे. कुसुंब शाळेजवळ नसेल, पण आंबा किंवा पिंपळ बहुधा असेलच. आंब्याची नवी पालवी तांबूस आणि लुसलुशीत असते, पिंपळाची गुलाबी-तांबूस. सीता-अशोक, नागचाफा, मोह यांचीही पालवी कमी-अधिक लाल असते. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. युरोपातील ओक वृक्षांना वसंतात, आणि पुन्हा उन्हाळ्यात दुसऱ्यांदा पालवी फुटते तेव्हा, कित्येकदा लालसर पाने येतात. दोन-तीन आठवड्यांत हीच पाने हिरवी होतात.

मुले येथे एक अवघड प्रश्न विचारू शकतात. 'झाडाचे अन्न हिरव्या पानांत तयार होते, असे तुम्ही शिकवलेत. मग लाल पान उपाशी राहते का?' या प्रश्नाचे दोन भाग पडतात. लाल रंग कशामुळे येतो, हा पहिला. त्या रंगाचा झाडाला काय उपयोग, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वर्गात प्रयोगाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना विज्ञान कसे काम करते, हे दाखवता येते.

रंग कोणता, तो कोठे असतो?

पानाला हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. हे द्रव्य पेशींतील हरितकणांत असते आणि पाण्यात विरघळत नाही. पालवीचा लाल रंग बहुतेक झाडांत अँथोसायनिन या गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. ती पाण्यात विरघळतात आणि पेशीच्या आतील रसाने भरलेल्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, साठलेली असतात. जांभळाचा, वांग्याच्या सालीचा आणि लाल जास्वंदीचा रंग याच गटातला.

हा फरक सहज पडताळता येतो. आंब्याची आठ-दहा लाल कोवळी पाने बारीक चिरून थोड्या गरम पाण्यात काही मिनिटे ठेवा. पाणी लालसर होईल आणि पानांचे तुकडे फिकट, हिरवट दिसू लागतील. म्हणजे लाल पानातही हरितद्रव्य असते, पण थोडे. पाणी दोन पेल्यांत विभागा. एकात लिंबाचे थेंब टाकले की लाल रंग उजळतो, दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकले की तो जाऊन हिरवट किंवा तपकिरी छटा येते. आम्ल-अल्कलीनुसार बदलणे हा अँथोसायनिनचा गुण आहे. तुलनेसाठी आंब्याचेच जून पान घेऊन तोच प्रयोग करा. एक सावधगिरी मात्र हवी. लाल माठ आणि बीट यांचा लाल रंग वेगळ्याच गटातल्या द्रव्यांचा असतो, म्हणून या प्रयोगासाठी त्यांचा नमुना घेऊ नये.

देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी लाल होतात, त्यांतही अँथोसायनिनच असते. पण त्या पानांतले हरितद्रव्य मोडत असते, तर पालवीत ते अजून तयार व्हायचे असते. पानाच्या आयुष्याच्या दोन टोकांना एकच रंग दिसतो. त्यामागची कारणे एकच असतील, असे मात्र गृहीत धरू नये.

कोवळेपणाची अडचण

पान मोठे व्हायचे तर त्याच्या पेशींच्या भित्तिका मऊ आणि ताणल्या जाण्याजोग्या असाव्या लागतात. त्या एकदा टणक झाल्या की पान वाढत नाही. म्हणून वाढीच्या काळात पान मऊ असणे भागच आहे. अशा पानात प्रथिने भरपूर आणि चावायला कठीण धागे कमी. अळीला याहून चांगले जेवण कोणते? उष्ण प्रदेशातील जंगलांत सावलीत वाढणाऱ्या झाडांचा अभ्यास झाला आहे. तेथे पानाचे आयुष्यभरात जे नुकसान होते, त्यातील निम्म्याहून अधिक या कोवळ्या अवस्थेतच होते. लाल रंगाच्या उपयोगाबद्दलची गृहीतके याच अवस्थेभोवती फिरतात.

पहिले गृहीतक उन्हाचे. हरितद्रव्य प्रकाश शोषते, पण त्या ऊर्जेपासून साखर बनवणारी यंत्रणा कोवळ्या पानात पुरती उभी राहिलेली नसते. वापरली न गेलेली ऊर्जा ऑक्सिजनला अतिक्रियाशील बनवते आणि तो पेशींचे नाजूक भाग बिघडवतो. अँथोसायनिन हिरवा आणि काही प्रमाणात निळा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे ते उन्हावरच्या पडद्यासारखे काम करत असावे. शिवाय अशा अतिक्रियाशील ऑक्सिजनला निष्प्रभ करण्याचा गुणही त्यात आहे. सीता-अशोकाची पालवी झुपक्यांनी खाली लोंबते, त्यामुळे दुपारचे ऊन तिच्यावर तिरपे पडते. ऊन टाळण्याशी जुळणारी ही आणखी एक खूण.

पण येथे एक शंका निघते. दाट जंगलात, जेथे ऊन जमिनीपर्यंत जेमतेम पोचते, तेथील रोपांचीही पालवी कित्येकदा लाल असते. तेथे कसले ऊन जास्त होणार?

म्हणून दुसरे गृहीतक किडींचे. पाने खाणाऱ्या पुष्कळ कीटकांच्या डोळ्यांत लाल रंग ओळखणाऱ्या पेशी नसतात. त्यांना लाल पान काळपट, कदाचित वाळल्यासारखे दिसत असेल. सगळ्या कीटकांना हे लागू नाही, काही फुलपाखरांना लाल रंग दिसतो. पनामातील जंगलात काम करणारे थॉमस कुर्सार आणि फिलिस कोली यांनी १९९२ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. सावलीत प्रकाश मुळातच कमी असतो, त्यामुळे पान लवकर हिरवे करून फारसा फायदा नाही. पान किडीने खाल्ले, तर त्यात घातलेला नायट्रोजन आणि ऊर्जा मात्र वाया जाते. तेव्हा पान टणक होईपर्यंत हरितकणांवरचा खर्च लांबवलेला बरा.

तिसरे गृहीतक बुरशीचे. पाने कातरून वारुळात नेणाऱ्या काही मुंग्या अमेरिका खंडात आहेत. त्या पाने स्वतः खात नाहीत. त्यांवर बुरशी वाढवून ती खातात. कोली आणि मिचेल एड यांनी १९८९ मध्ये दाखवले की जास्त अँथोसायनिन असलेली पाने या मुंग्या कमी नेतात. यावरून, हे द्रव्य बुरशीला मारक असावे, असा तर्क त्यांनी केला.

ओकच्या झाडांवरची परीक्षा

गृहीतक सुचणे सोपे, ते तपासणे अवघड. लाल पालवीचा आंबा आणि हिरव्या पालवीचे दुसरे एखादे झाड यांची तुलना करून उपयोग नाही, कारण त्यांच्यात रंगाशिवाय इतर शेकडो फरक असतात. एकाच जातीची, एकाच ठिकाणची, पण वेगळ्या रंगाच्या पालवीची झाडे मिळायला हवीत.

भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या, काटेरी पानांच्या एका सदाहरित ओकमध्ये नेमके असेच आढळते. त्याच्या काही झाडांची पालवी लाल, तर शेजारच्या काहींची हिरवी असते. ग्रीसमधील कारागिओर्गू आणि मानेतास यांनी या झाडांवरचे आपले काम २००६ मध्ये प्रसिद्ध केले. लाल पालवीच्या झाडांवर कीटकांनी खाल्लेला भाग कमी आढळला. किडींच्या गृहीतकाला हा चांगला आधार आहे. तरीही पुढचा प्रश्न उरतोच. लाल पानांत तुरट द्रव्येही जास्त असतील, तर श्रेय रंगाला द्यायचे की चवीला? अशा शंका एकेक करून दूर कराव्या लागतात.

एका जातीत मिळालेले उत्तर दुसऱ्या जातीला लावतानाही जपून राहावे. कोकणातल्या आंबा बागायतदाराला विचारा. करपा हा बुरशीजन्य रोग कोवळ्या पालवीवरच अधिक पडतो, आणि ती पालवी तर तांबूस असते. तेव्हा लाल रंग हे काही अभेद्य कवच नव्हे. फार तर तो धोका काही अंशी कमी करत असेल, आणि तो कोणत्या धोक्याविरुद्ध, हे जातीनुसार वेगळे असू शकेल. एकाच द्रव्याचे एकापेक्षा जास्त उपयोगही असू शकतात.

वर्गासाठी

मुलांनी एका झाडावरच्या नुकत्याच उघडलेल्या दहा पानांच्या देठांना रंगीत दोरे बांधावेत. तीन आठवडे दर दोन दिवसांनी पानाची लांबी, रंग, मऊपणा आणि पडलेली छिद्रे यांची नोंद करावी. त्याच झाडावरच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पालवीचा रंग सारखाच असतो का, पान आधी टणक होते की आधी हिरवे, नवी छिद्रे कोणत्या दिवसांनंतर पडेनाशी होतात, हे त्या नोंदींवरून मुलांनाच शोधू द्यावे. पालवी साधारण एकाच वेळी फुटते, त्यामुळे निरीक्षणाची संधी वर्षातून थोडेच दिवस मिळते. दोरे आधीच तयार ठेवलेले बरे.

शिकवताना भाषेकडेही लक्ष हवे. 'किडींना फसवण्यासाठी झाड पाने लाल करते' असे आपण सहज बोलून जातो. झाड काही ठरवत नाही. ज्या झाडांच्या पालवीत हे द्रव्य होते, त्यांची पाने थोडी अधिक वाचली असतील, तर पिढ्यानपिढ्या अशी झाडे वाढत गेली असतील, एवढाच त्याचा अर्थ.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. लाल पान उपाशी राहत नाही. त्यात थोडे हरितद्रव्य असते, आणि त्याच्या वाढीला लागणारे बहुतेक अन्न झाडाच्या जुन्या पानांकडून किंवा खोडा-मुळांतल्या साठ्यातून येते. कुसुंबाची पाने गळून फांद्या उघड्या पडल्यानंतरही पालवी फुटते, ती या साठ्याच्या बळावर. ती हिरवी आणि टणक झाली, की पुढच्या वर्षाचा साठा भरण्याचे काम तिच्याकडे येते.