सीतेची वेणी : आमरी, बांडगूळ नव्हे

आंब्या-फणसाच्या बागेंत फांद्यांची साफसूफ होते, त्या वेळीं कोयत्याखालीं बांडगुळाबरोबर आणखी एक वनस्पति नाहक बळी पडते. ती म्हणजे 'सीतेची वेणी' होय. तिचें शास्त्रीय नांव ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा. ती आमरीच्या कुळांतील असून ज्या झाडावर वाढते त्याचा रस मुळींच घेत नाहीं. बागाईतदारांस दोहोंतील भेद कळावा, एवढ्यासाठीं हें विवेचन.

बांडगूळ हें काष्ठमय झुडूप आहे. त्याचीं शोषक मुळें सालींतून लाकडांत शिरतात व झाडाचा रस ओढून घेतात. जोडाच्या जागीं फांदीला गांठ येते व पुढील भाग वाळूं लागतो. पक्षी त्याचीं चिकट फळें खाऊन बीं दुसऱ्या फांदीवर टाकतात. म्हणून तें फळण्यापूर्वीं जोडाच्या खालून फांदीसह कापणें इष्ट. आमरीचीं मुळें सालीस केवळ बाहेरून चिकटतात. त्यांवरील पांढुरकें, सच्छिद्र आवरण पावसाचें व दंवाचें पाणी टिपून घेतें आणि अन्न तिचीं हिरवीं पानें सूर्यप्रकाशांत स्वतः तयार करतात. बांडगूळ हा कोठार फोडणारा चोर. आमरी ही ओसरीवर उतरलेली पांथस्थ.

हिचें खोड आखूड व जाड असतें. पानें दोन ओळींत, पट्ट्यासारखीं, चिवट, फूटभर किंवा अधिक लांब व टोंकाशीं कुरतडल्यासारखीं दिसतात. आपल्याकडे सुमारें मे ते जुलैमध्यें खालीं लोंबणारा, फूट-दीड फूट लांबीचा तुरा येतो. त्यांत शंभराहून अधिक पांढरीं, जांभळट ठिपक्यांचीं फुलें दाट गुंफलेलीं असतात; वेणी हें नांव त्यावरूनच पडलें. सह्याद्री व कोकणाखेरीज ती नेपाळ, सिंहलद्वीप व पूर्वेस फिलिपाइन्सपर्यंत आढळते. आसामांत 'कपौ फूल' या नांवानें ती राज्यपुष्प असून बिहूच्या नृत्यांत मुली हा तुरा केसांत माळतात.

हिचें बीं भुकटीइतकें बारीक असतें. त्यांत अन्नाचा सांठा नसल्यामुळें विशिष्ट बुरशीचें साहाय्य मिळालें तरच तें निसर्गांत रुजतें. १९२२ सालीं अमेरिकेंतील नडसन यांनीं साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमांत, बुरशीवांचून, आमरीचें बीं रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली. तथापि ती प्रयोगशाळेची रीत होय. शेतकऱ्यास पेरून रोप मिळत नाहीं आणि रोपास फूल येण्यास कित्येक वर्षें लागतात. यास्तव कोयत्याच्या एका घावानें गेलेलें झाड सहजासहजीं भरून येत नाहीं.

वाऱ्यानें मोडलेल्या फांदीवरील रोप मात्र वांचवितां येतें. पावसाच्या आरंभीं खडबडीत सालीच्या झाडावर, सकाळचें ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागीं, तें सुंभानें बांधावें. मुळांस माती किंवा शेण लावूं नये, तीं कुजतात. टोपलींत लावणें झाल्यास लांकडी पट्ट्यांची, चोहोंकडून हवा खेळणारी टोपली घेऊन तींत कोळसा, विटेचे तुकडे व नारळाचा सोडणा घालावा. उन्हाळ्यांत सकाळीं पाणी शिंपडावें, थंडींत तें कमी करावें. मुळें एकदां धरलीं कीं रोप पुनःपुन्हां हलवूं नये.

जंगलांतून रोपें ओरबाडून आणणें मात्र सर्वथा वर्ज्य. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीं १९७३ सालीं झालेल्या करारांत सर्व आमरींचा समावेश असून भारत त्यांत १९७६ सालीं सामील झाला.

साफसुफीपूर्वीं मालकानें स्वतः बागेंत फिरून बांडगुळाच्या फांद्यांवर चुन्याची खूण करावी आणि खुणेवांचून कोयता चालवूं नये अशी गड्यांस ताकीद द्यावी. खर्च मूठभर चुन्याचा. त्यानें आंबाही राखला जाईल व वेणीही.