हा कुत्रा कोणाचा?

रस्त्यात एखाद्याला कुत्रा चावला की जमलेल्या माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हाच : 'हा कुत्रा कोणाचा?' पुष्कळदा या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ज्याच्या ओसरीवर तो कालपर्यंत भाकरी खात होता, तोही 'आमचा नव्हे' असे म्हणून दाराआड होतो. उलट, चांगल्या जातीचा कुत्रा हरवून सापडला की त्याच्यावर हक्क सांगणारे दोघेचौघे पुढे येतात आणि कोणाचाच हक्क नीट सिद्ध होत नाही. पाळीव कुत्र्यामांजरांची नोंदणी करावी, त्यांच्या अंगी ओळखीची चिप बसवावी, असे सांगणारे जे नियम आज आपल्या कानांवर येत आहेत, ते मुळात या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळावे म्हणून आहेत.

महाभारताच्या अखेरीस धर्मराजाच्या मागोमाग एक कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत गेला. त्याला टाकून एकट्याने आत यावे, ही इंद्राची अट धर्मराजाने मानली नाही. त्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला नव्हता की धर्मराजाजवळ परवाना नव्हता. परंतु जबाबदारी कोणाची याविषयी तेथे संशयही नव्हता. लाखांनी वस्ती असलेल्या आजच्या शहरात प्रत्येकाकडून धर्मराजाच्या निष्ठेची अपेक्षा करता येत नाही. म्हणून जे एकेकाळी मनात लिहिलेले पुरत असे, ते आता नोंदवहीत लिहावे लागते.

ही नोंद नसली म्हणजे काय होते, याचा एक जुना दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. १८१३ च्या एका नियमान्वये उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची तेथे मुभा होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळे. इनामाच्या लोभाने मोकाट आणि पाळीव हा भेद राहिला नाही. घरांतली कुत्रीही ओढून नेली जातात, अशी लोकांची तक्रार होऊ लागली. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या एका पवित्र दिवशी, कोट विभागात लोकांचा संताप उसळला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, आणि पारशांबरोबर हिंदू, जैन व मुसलमान रहिवासीही त्यात सामील झाले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आदी शेठसावकारांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभे राहिले. या दंगलीच्या मागे भूतदया होती आणि सरकारी दंडेलीविषयीचा रागही होता. पण तिच्या बुडाशी हेही होते की, कोणता कुत्रा धन्याचा आणि कोणता बेवारशी हे सांगणारी खूण त्या कुत्र्यांच्या अंगावर नव्हती.

अशी खूण निर्माण करण्याचा पहिला उपाय म्हणजे परवाना आणि बिल्ला. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने चालतो. महानगरपालिकेला जे कर बसविता येतात त्यांच्या यादीत तेथे 'कुत्र्यांवरील कर' असा स्पष्ट उल्लेख आहे. दिल्लीच्या १९५७ च्या अधिनियमात कुत्र्यांची नोंदणी करण्याची व नोंदलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्यास धातूचा बिल्ला लावण्याची तरतूद आहे. म्हणजे पाळीव प्राण्याची नोंद हे काही आजचे नवे खूळ नव्हे. पण ती ठेवणे हे आपल्याकडे स्थानिक संस्थेचे काम ठरले आहे, आणि त्यामुळे शहर बदलले की नियमही बदलतो. म्हैसूर शहर कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ याच्या कक्षेत येते; पुण्याला महाराष्ट्राचा अधिनियम लागू आहे. म्हैसूरहून पुण्यास बदली झालेल्या कुटुंबाने घरातील सामानाबरोबर कुत्रा नेला, तर नव्या गावच्या महानगरपालिकेत जाऊन तेथील नियम काय आहे याची चौकशी त्याला नव्याने करावी लागते.

बिल्ल्याचा दोष असा की तो गळपट्ट्यास असतो आणि गळपट्टा निघतो. चोर तो पहिल्यांदा काढतो. टाकून देणारा धनीही तोच पहिल्यांदा काढतो. या अडचणीतून दुसरा उपाय निघाला, तो म्हणजे चिप.

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी, साधारणतः १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाड अशी एक बंद काचनळी असते. पशुवैद्य ती जाड सुईने प्राण्याच्या खांद्याच्या दोन फऱ्यांमध्ये कातडीखाली सोडतो. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्यातून निघणाऱ्या लहरींमुळे चिपेतील तारेच्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या बळावर चिप आपला क्रमांक स्कॅनरला कळविते. आपण हे भाषण ज्या रेडिओलहरींवरून ऐकता, त्यांच्याच कुळातील या लहरी होत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा क्रमांक १५ अंकी असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे किंवा चिप तयार करणाऱ्या कारखान्याचे असतात. भारताचा अंक ३५६ आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिप बसविली म्हणजे हरवलेला कुत्रा कोठे आहे ते घरबसल्या कळते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चिपेला ठिकाण कळत नाही आणि सांगताही येत नाही. तिच्यात धन्याचे नाव नसते, पत्ता नसतो, लस टोचल्याची तारीखही नसते. तिच्यात असतो तो केवळ एक क्रमांक. 'हा प्राणी कोणता?' एवढेच चिप सांगते. 'हा कोणाचा?' हे सांगावयाचे काम नोंदवहीचे. ज्या चिपेचा क्रमांक कोठेही नोंदलेला नाही, किंवा नोंदला आहे पण धन्याने घर व दूरध्वनी बदलूनही तो कळविलेला नाही, ती चिप असून नसल्यासारखीच. खेड्यापाड्यांतील श्रोत्यांना हे समजावयास कठीण जाऊ नये. आज गाईम्हशींच्या कानात जो पिवळा बिल्ला दिसतो त्यावरही १२ अंकी क्रमांक असतो, आणि त्या बिल्ल्याला किंमत येते ती त्या क्रमांकापुढे मालकाचे नाव व लसीकरण नोंदलेले असते म्हणूनच.

आता आपला कायदा काय मागतो ते पाहू. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियमाखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीसंबंधी नियम केले. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता कामा नये, आणि विकावयाच्या पिलाला चिप बसविलेली असली पाहिजे. २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नियम आले. म्हणजे चिपेची सक्ती देशभर आहे ती मुख्यतः पैदास करणाऱ्यावर. कर्नाटकातील मुधोळ येथील शिकारी कुत्र्यांची जात घोरपडे घराण्याच्या राजांनी जोपासली, आणि २००५ मध्ये ती टपालाच्या तिकिटावरही झळकली. त्या जातीचे पिलू विकत घेणाऱ्याने वंशावळीच्या कागदाबरोबर चिपेचा क्रमांकही मागून घ्यावा आणि तो स्कॅनरवर पडताळून पाहावा, हे या नियमांचे व्यवहारातील तात्पर्य.

घरी कुत्रा पाळणाऱ्या सामान्य माणसावरील बंधने निराळ्या ठिकाणी आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म-नियंत्रण नियमांनी पाळीव आणि रस्त्यावरील प्राणी असा भेद केला आणि पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतांचे औषध व निर्बीजीकरण यांची जबाबदारी धन्यावर टाकली. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणारा माणूस ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र होतो. उपासमार वा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे ही १९६० च्या अधिनियमाने क्रूरता ठरविली आहे. त्या अधिनियमाने पहिल्या अपराधास दंड ठरविला तो १० ते ५० रुपयांचा, म्हणजे त्या काळच्या रुपयाच्या मोलाचा. पण दंड थोडा की फार हा प्रश्न नंतरचा. धनी कोण हेच सिद्ध झाले नाही, तर कोणतेच कलम लागू करता येत नाही.

परवाना व चिप यांची सांगड घालण्याकडे आता शहरांचा कल दिसतो. म्हैसूरच्या शेजारच्या तमिळनाडूत चेन्नई महानगरपालिकेने २०२५ मध्ये तो मार्ग स्वीकारला. मात्र नोंदणी ही प्राणी कमी करण्याची युक्ती आहे असे लोकांना वाटले, तर ते नोंदणीपासून दूर पळतात. बेंगळूरु येथे २०१८ मध्ये एका सदनिकेत एकच कुत्रा पाळावा असा निर्बंध उपविधीत घातला गेला तेव्हा मोठा गहजब झाला आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

मांजराचे काय? आपल्या कायद्याने मांजराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ते भिंतीवरून येते-जाते, चार घरी दूध पिते आणि कोणाचेच बांधलेले नसते, ही समजूत कायद्यानेही मानली असावी. तथापि पुणे महानगरपालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्याही नोंदणीचा निर्णय घेतला. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप २०१६ पासून सक्तीची आहे. १० जून २०२४ पासून मांजरांनाही, ती २० आठवड्यांची होण्यापूर्वी, चिप बसविणे सक्तीचे झाले. तेथे चिपविना मांजर आढळल्यास धन्याला २१ दिवसांची मुदत मिळते आणि तरीही कसूर झाल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी तर चिपेविषयी आधीच जागरूक असावे. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून कुत्रा वा मांजर न्यावयाचे तर क्रम महत्त्वाचा आहे : आधी चिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची वाट. चिपेपूर्वी टोचलेली लस जमेस धरली जात नाही, कारण ती याच प्राण्याला टोचली हे सिद्ध करता येत नाही. विमानाचे तिकीट काढल्यावर हा नियम कळला, तर लाडका प्राणी मागे ठेवण्याची पाळी येते.

पण या सर्व खटाटोपाचे खरे कारण रेबीज हे आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेमाने प्राण घेतो. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे त्याने दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील मोठा वाटा आपल्या देशाचा आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज नाहीसा करण्याची राष्ट्रीय योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्याच्या धन्याचा शोध लागेपर्यंत थांबू नये. मात्र तो कुत्रा १० दिवस नजरेखाली ठेवता आला आणि धडधाकट राहिला, तर पुढील उपचार किती करावयाचे हे डॉक्टरांना ठरविता येते. ही १० दिवसांची देखरेख शक्य होते ती कुत्रा ओळखता आला तरच. आईबापांचा जीव टांगणीला लागलेला असताना कोणी शेजारी आपल्या कुत्र्याचा लसीकरणाचा कागद घेऊन आला, तर त्या कागदाचे मोल केवढे असते, हे ज्याला ते दिवस काढावे लागले त्यालाच ठाऊक.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील कुत्र्यांविषयी जो आदेश दिला, त्यातील एक बारीक गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल तर स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा. त्या कुत्र्याला खूण करून तो अर्जदाराच्या स्वाधीन केला जाईल. आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहणे अर्जदाराचे काम राहील. खूण आणि जबाबदारी यांची गाठ येथे एकाच वाक्यात मारलेली आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी कुत्रा वा मांजर आहे त्यांनी आपल्या नगरपालिकेत वा महानगरपालिकेत नोंदणीचा नियम विचारावा, लस वेळेवर टोचून तिचा कागद जपावा, पशुवैद्याकडून चिप बसवून तिचा क्रमांक त्या कागदावर लिहून घ्यावा, आणि पत्ता बदलला की नोंदवहीतही बदलावा. ज्या गावात चिपेची सक्ती नाही तेथेही हे करण्यास कोणाची मनाई नाही. मुके जनावर आपले नाव सांगू शकत नाही, धन्याचेही सांगू शकत नाही. ते सांगण्याची सोय आपण करून ठेवली, तर 'हा कुत्रा कोणाचा?' या प्रश्नाला संकटाच्या वेळी उत्तर मिळेल, आणि ते उत्तर देण्यास आपण स्वतः पुढे आलेले असू.