खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा कशी जन्मली?

दोस्तांनो, मधल्या सुट्टीत खो-खो अगदी रंगात आलाय. पाठलाग करणाऱ्या मुलीनं पळणारीला जवळजवळ गाठलंच आहे. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "फाऊल! खो मिळायच्या आधीच ती उठली!" लगेच दुसरी बाजू म्हणते, "आमच्यात असंच चालतं!" झालं! उरलेली सुट्टी भांडणात जाते आणि घंटा होते.

तुमच्या शाळेत असं झालंय की नाही, खरं सांगा! पण हसू नका. एके काळी सगळीकडेच खो-खोची हीच गत होती. ज्या त्या गावाचं "आमच्यात असंच चालतं" निराळं. म्हणूनच आपल्या मातीतल्या या खेळाला राष्ट्रीय स्पर्धेसाठी फार वाट पाहावी लागली.

किती वाट? गंमत बघा. गोल्फ हा खेळ इंग्रज साहेबानं आपल्याकडे आणला. त्या काळी इथं तो खेळणारे मूठभर. तरी कलकत्त्यात १८९२ साली हौशी गोल्फपटूंची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झालीसुद्धा! आणि गल्लीबोळांत खेळल्या जाणाऱ्या खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कधी झाली? १९५९-६० साली. मध्ये तब्बल ६७ वर्षं गेली!

असं का झालं असेल? खेळाडू कमी होते? छे! पण गोल्फकडे क्लब होते, पैसा होता आणि साहेबाच्या देशातून आलेले ठरलेले नियम होते. खो-खोकडे खेळाडू ढीगभर, पण सगळ्यांनी मानलेलं एक नियमपुस्तक नव्हतं. दोन गावांचे नियम वेगळे असतील, तर जिंकलं कोण हे ठरवणार कसं?

हे काम हाती घेतलं पुण्यानं. १९१४ साली डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम तयार केले. पुढं १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानंही नियम प्रसिद्ध केले. १९२८ साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं जाणकारांशी चर्चा केली आणि १९३५ साली नियम छापले. मैदानाचा आकारसुद्धा या काळात बदलत गेला. सुरुवातीला लंबगोल मैदानही आखलं जायचं. आज ते २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असा चौकोन असतं, आणि दोन टोकांना दोन खांब.

तुम्ही म्हणाल, नियम लिहिण्यात कसलं आलंय मोठेपण? जरा मैदानावर चला. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण एका ओळीत बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घालेपर्यंत मागं फिरता येत नाही. पळणारा मात्र मोकळा! तो ओळीतून इकडून तिकडे सुळकन निसटतो. मग पाठलाग करणाऱ्यानं काय करायचं? बसलेल्या साथीदाराला पाठीमागून 'खो' द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं. म्हणजे एकटा कितीही वाऱ्यासारखा पळाला, तरी उपयोग नाही. गडी टिपायचा तर नऊ जणांनी एका डोक्यानं खेळायला हवं. बघा, 'हे करायचं नाही, ते करायचं नाही' असं सांगणाऱ्या नियमांमुळेच खेळाला केवढी रंगत आली!

नियम एक झाले, तशी देशपातळीवरची संघटनाही १९५०च्या दशकात उभी राहिली. आणि मग तो दिवस उजाडला. १९५९-६० साली आंध्र प्रदेशातल्या विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा भरली. संघ किती? अवघे पाच, आणि तेही फक्त पुरुषांचे. राजाभाऊ जेस्ते यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांताच्या संघानं पहिला क्रमांक पटकावला.

मग मुलींचं काय? त्यांना फार थांबावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला महिलांचे संघ पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. आज ही गोष्ट साधी वाटते. पण मुलगी न्हातीधुती झाली की तिचं मैदान सुटायचं, असा तो काळ. त्या मुली परकर-पोलक्यातल्या खेळातून थेट राष्ट्रीय मैदानात आल्या!

उत्तम खेळाडूंना बक्षिसंही सुरू झाली. त्यांची नावं किती छान आहेत पाहा. पुरुषांसाठी एकलव्य, महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई, कुमारांसाठी वीर अभिमन्यू, कुमारींसाठी जानकी आणि लहानग्यांसाठी भरत व इला. सरकारचा मानाचा अर्जुन पुरस्कारही या खेळात आला. १९७० साली सुधीर परब यांना तो मिळाला आणि १९७१ साली अचला देवरे यांना.

आता मराठवाड्यात येऊ. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि धाराशिवला लागूनच आहे बीड जिल्हा. तिथल्या केज तालुक्यात मूळ गाव असलेली प्रियांका इंगळे पुण्याकडे वाढली, तिथंच खेळली. लहान गटातला इला आणि मोठ्या गटातला राणी लक्ष्मीबाई, असे दोन्ही पुरस्कार तिनं मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांकाच होती. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्याच दिवशी प्रतीक वाईकरच्या पुरुष संघानंही नेपाळवर ५४-३६ अशी मात केली. आता मातीऐवजी मॅट आली होती, नियमही नव्यानं बदलले होते. पण बदल सगळ्यांसाठी एकच होता, म्हणून तर दूरदूरच्या देशांचे संघ एका मैदानात खेळू शकले.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. या खेळाला बॅट लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. पण खेळणाऱ्या पोराला शाळेत राहावं लागतं. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्याबरोबर लहान मुलंही. ज्या महिन्यांत शाळेचे संघ निवडले जातात, त्याच महिन्यांत एखादी चपळ पोर फडातल्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली असते. तिला खो देणार कोण? ते काम मोठ्यांचं आहे.

आणि दोस्तांनो, तुमचं काम सोपं आहे. पुढच्या वेळी "आमच्यात असंच चालतं" असं भांडण पेटलं, तर खेळाच्या सरांकडून किंवा बाईंकडून नियमांचं पुस्तक मागून घ्या. दोन्ही संघांनी मिळून वाचा. राष्ट्रीय स्पर्धेचा जन्मही असाच झाला होता. चला, घंटा व्हायच्या आत आखा बघू पाटी!